गणिती कोसंबी आणि वृद्धांची निद्रा

पुणें शहराच्या पश्चिमेस लॉ कॉलेजची टेंकडी आहे. सकाळ-संध्याकाळ फिरावयास जाणारे आमचे पुष्कळ विद्यार्थी व त्यांचे पालक तिच्या पाऊलवाटांशीं चांगले परिचित असतील. साठ-सत्तर वर्षांपूर्वीं याच टेंकडीच्या आसपास एक सुदृढ बांध्याचे गृहस्थ, हातीं लोखंडी टोंकाची काठी घेऊन, झपझप चालतांना दिसत. चालतां चालतां ते मध्येंच थबकत, काठीच्या टोंकानें जमिनींतून गारगोटीचा एखादा नखाएवढा तुकडा उकरून काढीत व तो खिशांत टाकून पुढें जात. हे तुकडे म्हणजे अश्मयुगांतील माणसाचीं हत्यारें होत, आणि ते वेंचणारे गृहस्थ म्हणजे प्रो. दामोदर धर्मानंद कोसंबी होत. त्यांचें नांव आज बहुतेक ठिकाणीं इतिहासकार म्हणून घेतलें जातें. आम्हांस मात्र या अंकांत त्यांचें चरित्र गणिती म्हणून सांगावयाचें आहे, आणि तसें करण्यास एक विशेष कारण घडलें आहे.

कित्येक घरांत आजोबा किंवा आजी सत्तरी ओलांडतात, आणि हळूहळू नातवंडांचीं नांवें विसरूं लागतात, जेवण झालें कीं नाहीं हें त्यांच्या ध्यानांत राहत नाहीं. वैद्यकांत या विकारास स्मृतिभ्रंश म्हणतात. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीच्या अंदाजाप्रमाणें भारतांत साठ वर्षांवरील सुमारें ८८ लक्ष माणसें, म्हणजे शेंकडा ७·४, या विकारानें ग्रस्त आहेत. विस्मरण सर्वांस दिसतें; परंतु घरच्या माणसांस अधिक जेरीस आणते ती रात्र. दिवस मावळूं लागला कीं रोगी अस्वस्थ होतो, मध्यरात्रीं उठून दाराची कडी काढूं पाहतो, आपल्याच घरांत बसून घरीं जावयाचें म्हणून हट्ट धरितो, आणि दुसऱ्या दिवशीं दुपारभर पेंगतो. त्याच्याबरोबर घरची लेक किंवा सूनही जागी राहते. अशा जागरणाचीं कारणें मात्र एक नसतात. कोणाचा श्वास झोंपेंत वारंवार अडखळतो. कोणी स्वप्नांत पाहिलें तेंच हातपाय झाडून करूं लागतो. कोणाच्या मेंदूंतील दिवसरात्रीचें घड्याळच बिघडलेलें असतें. यांपैकीं एकाचा उपाय दुसऱ्यास अपाय होऊं शकतो. श्वास अडखळणाऱ्या म्हाताऱ्या माणसास गुंगीचें औषध दिलें, तर त्याचा श्वास अधिकच मंदावण्याची भीति असते. म्हणून खरें कारण ओळखणें ही केवळ शास्त्रीय जिज्ञासेची गोष्ट नव्हे.

हें कारण ओळखण्याच्या कामीं आज जगांतील शास्त्रज्ञ गणकयंत्रास शिकवूं पाहत आहेत. या विद्येस मशीन लर्निंग म्हणतात. तिच्या पायांत जे गणिताचे दगड बसविलेले आहेत, त्यांपैकीं एक १९४३ सालीं आमच्या पुण्यांत घडविला गेला, आणि तो घडविणारे प्रो. कोसंबी होते.

दामोदरपंतांचा जन्म गोव्यांत ३१ जुलै १९०७ रोजीं झाला. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे बुद्धचरित्राच्या व पाली भाषेच्या ओढीनें घर सोडून सिंहलद्वीपापर्यंत गेलेले, तेथें भिक्षु झालेले, आणि पुढें परत येऊन फर्ग्युसन कॉलेजांत पाली शिकविणारे विख्यात पंडित होते. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठानें त्यांस 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाकरितां बोलाविलें, तेव्हां १९१८ सालीं त्यांनीं अकरा वर्षांच्या दामोदरास बरोबर नेलें. मुलाचें शालेय शिक्षण केंब्रिज या गांवीं झालें. पुढें हार्वर्डमध्येंच तो शिकला आणि १९२९ सालीं अत्युच्च सन्मानासह पदवीधर झाला. गणिताखेरीज अनेक युरोपीय भाषाही त्यानें आत्मसात केल्या. जॉर्ज बर्कहॉफ हे तेथील त्याचे गणिताचे नामांकित गुरु, आणि नॉर्बर्ट वीनर यांच्याशीं त्याचा स्नेह जडला. हे वीनर पुढें संदेश व यंत्रें यांच्या शास्त्राचे एक जनक ठरले.

स्वदेशीं परतल्यावर कोसंबींनीं प्रथम काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत व नंतर अलीगढ येथें अध्यापन केलें. अलीगढास आंद्रे वेल हा तरुण फ्रेंच गणिती त्या वेळीं मुख्य होता. तेथील एक गमतीची हकीकत आमच्या वाचकांस आवडेल. वेलच्या सूचनेवरून कोसंबींनीं १९३१ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यांत बूर्बाकी नांवाच्या एका रशियन गणित्याच्या सिद्धांताचा मोठ्या गांभीर्यानें उल्लेख केला. असा कोणी रशियन गणिती नव्हताच! पुढें कांहीं वर्षांनीं फ्रान्समधील एका गणितिमंडळानें हेंच नांव धारण करून मोठमोठे ग्रंथ लिहिले, आणि बूर्बाकी हें नांव जगभर झालें.

१९३३ च्या सुमारास कोसंबी पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत आले व सुमारें बारा वर्षें तेथें राहिले. १९३४ सालीं त्यांस रामानुजन् स्मारक पारितोषिक मिळालें. त्यांचें शिकविणें सामान्य विद्यार्थ्यांस जड जाई, आणि ढिलेपणा त्यांस मुळींच खपत नसे. परंतु आमच्या मतें त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत फलदायी काळ हाच होय. संख्याशास्त्राचा अभ्यास करावयाचा, तर तो कशावर तरी लावून पाहिला पाहिजे, म्हणून त्यांनीं प्राचीन नाण्यांचा विषय घेतला. तक्षशिलेस सांपडलेल्या चांदीच्या नाण्यांवर ठशांच्या खुणा आहेत, पण राजाचें नांव नाहीं आणि सालही नाहीं. मग तीं नाणीं कोणत्या क्रमानें पाडलीं गेलीं, हें ठरवावयाचें कसें? कोसंबींनीं विचार केला कीं, नाणें हातोहात फिरतांना झिजतें. जितकीं वर्षें तें अधिक फिरेल तितकें त्याचें वजन घटेल, आणि त्या जातीच्या नाण्यांचीं वजनें एकमेकांपासून अधिकाधिक वेगळीं पडूं लागतील. म्हणजे सरासरी वजन व वजनांतील पसारा या दोन आंकड्यांवरून मुक्या नाण्यांचें वय बोलतें करितां येईल. ही कल्पना खरी कीं खोटी, हें ठरविण्यासाठीं त्यांनीं केवळ पुराणवस्तूंवर भिस्त ठेविली नाहीं. बाजारांत चालूं असलेलीं, ज्यांवर साल छापलेलें आहे अशीं हजारों नाणीं मिळवून त्यांनीं तीं नाजूक तराजूंत एकेक करून तोललीं, झीज खरोखरच अशी होते हें पाहिलें, आणि मगच जुन्या नाण्यांकडे वळले. १९४० सालापासून त्यांचे या विषयावरील निबंध प्रसिद्ध होऊं लागले.

नाण्याचें वजन हा एक आंकडा. पण जेथें वस्तु एका आंकड्याची नसून एक अखंड वळणावळणाची रेषा असेल, तेथें काय करावें? या प्रश्नावर कोसंबींनीं जो विचार केला, तो १९४३ सालीं इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकांत तेरा पानांच्या निबंधरूपानें प्रसिद्ध झाला. त्या निबंधाचें नांव मराठींत सांगावयाचें तर फलनांच्या अवकाशांतील संख्याशास्त्र, असें होईल. नांव भयंकर आहे खरें. परंतु कल्पना समजण्यास आमच्या पांचव्या इयत्तेंतील विद्यार्थ्यासही हरकत पडूं नये.

एका वर्गांतील सर्व मुलांस फळ्यावर 'अ' हें अक्षर काढावयास सांगितलें, असें समजा. कोणाचेही दोन 'अ' तंतोतंत सारखे येणार नाहींत. तरी सर्वांचा मिळून एक सरासरी 'अ' कल्पितां येतो. आतां प्रत्येकाचा 'अ' या सरासरीहून कोणत्या प्रकारें वेगळा आहे, हें पाहूं लागलें तर असें दिसतें कीं, वेगळेपणाच्या तऱ्हा थोड्याच आहेत. कोणाचें अक्षर कललेलें, कोणाचें पसरट, कोणाची काना-रेघ लांब. कलंडणें किती, पसरणें किती, रेघ किती, असे तीन-चार आंकडे सांगितले, कीं कोणाचाही 'अ' जवळजवळ हुबेहूब पुन्हां काढून दाखवितां येतो. या तऱ्हा कोणत्या, हें मात्र आपण आपल्या मनानें ठरवावयाचें नाहीं. तें त्या अक्षरांच्या ढिगांतूनच गणितानें शोधून काढावयाचें. जी तऱ्हा सर्वांत अधिक फरकाचा उलगडा करिते ती पहिली. उरलेल्या फरकाचा सर्वांत अधिक उलगडा करणारी ती दुसरी. आणि एका तऱ्हेचा आंकडा दुसरीच्या आंकड्यांत मिसळूं द्यावयाचा नाहीं. मोजक्या मापांच्या बाबतींत ही युक्ति कार्ल पिअर्सन यांनीं १९०१ सालीं व हॅरल्ड हॉटेलिंग यांनीं १९३३ सालीं मांडली होती. कोसंबींनीं ती क्षणोक्षणीं बदलणाऱ्या अखंड रेषेस लागू केली.

आतां पुन्हां झोंपलेल्या वृद्धाकडे वळूं. जर्मनींतील येना येथें हान्स बेर्गर या वैद्यानें १९२४ सालीं मनुष्याच्या मेंदूंतील सूक्ष्म विद्युल्लहरी प्रथम टिपल्या व १९२९ सालीं तें काम प्रसिद्ध केलें. तेव्हांपासून निद्रेचा अभ्यास हा लहरींचा अभ्यास झाला. मनुष्य डोळे मिटून जागा असतां सेकंदास आठ ते तेरा लहरी उठतात. गाढ झोंपेंत त्या चारांहून कमी, पण उंच होतात. स्वप्नांच्या झोंपेंत मेंदूची रेषा पुन्हां जागेपणासारखी बारीक होते, आणि मिटलेल्या पापण्यांआड डोळे भराभर हलतात. ही शेवटची गोष्ट १९५३ सालीं शिकागो येथें उघडकीस आली. रुग्णालयांत डोक्यावर, डोळ्यांजवळ व हनुवटीस तारा लावून, आणि श्वासाची नोंद करीत, रात्रभर हा लेख घेतात. सकाळीं जाणता मनुष्य त्याचे तीस तीस सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावर जागेपण, हलकी झोंप, गाढ झोंप, स्वप्ननिद्रा अशी चिठ्ठी लावितो. आठ तासांचे असे ९६० तुकडे होतात. सेकंदास दोनशें वेळां मोजणी केली, तर एकाच तारेवरून एका रात्रींत ५७ लक्ष ६० हजार आंकडे जमतात! आणि इतकें करूनही दोन जाणत्यांच्या चिठ्ठ्या सर्व ठिकाणीं जुळत नाहींत.

येथें यंत्र उपयोगीं पडतें. तीस सेकंदांच्या एका तुकड्यांत सहा हजार आंकडे असतात. ते कोसंबींच्या रीतीनें थोडक्या, अर्थपूर्ण आंकड्यांत आटवितां येतात. मग जाणत्यांनीं चिठ्ठ्या लावलेले सहस्रावधि तुकडे यंत्रापुढें ठेवितात. कोणत्या आंकड्यांबरोबर कोणती चिठ्ठी येते, हें तें चुकतमाकत शिकतें, आणि नंतर न पाहिलेल्या रात्रीचीही वाचणी करितें. आजचीं कित्येक नवीं यंत्रें आटविण्याचें हें काम निराळ्या पद्धतीनें, स्वतःच आकार शोधून, करितात हें खरें. तथापि पुष्कळ वस्तूंतून थोड्या खुणा निवडावयाच्या हा मूळचा विचार त्यांतही सुटलेला नाहीं. स्वप्ननिद्रेंत स्नायु शिथिल पडावयाचे, ते ताठच राहिले, ही खूण यंत्रास ओळखितां आली तर तिचें मोल फार आहे. कारण झोंपेंत हातपाय झाडण्याचा हा विकार स्मृतिभ्रंशाच्या एका जातीच्या कित्येक वर्षें आधीं दिसूं शकतो.

परंतु एक अडचण राहते, आणि आमच्या मतें सर्व विषयाची ग्यानबाची मेख तेथेंच आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या मेंदूच्या लहरी जागेपणींच मंद होतात. धडधाकट तरुणांच्या रात्रींवर शिकलेल्या यंत्रास तो जागा आहे कीं झोंपला आहे, हेंच नीट उमगत नाहीं. शिवाय असा रोगी अनोळखी खोलींत, डोक्यास तारा लावून, निमूटपणें निजेल हें संभवत नाहीं. तो तारा उपटून टाकितो. म्हणून मनगटावरच्या घड्याळासारख्या लहान यंत्रानें किंवा अंथरुणाखालच्या पट्टीनें हालचाल व श्वास टिपून, रोग्यास त्याच्या स्वतःच्या घरींच निजूं देऊन, काम भागवितां येईल काय, असे प्रयत्न चालूं आहेत. कोणत्याही रीतीनें केलें, तरी यंत्रास ज्यांचा न्याय करावयाचा त्यांच्याच रात्री दाखविल्या पाहिजेत. कोसंबी जुन्या नाण्यांचें वय सांगण्यापूर्वीं चालूं नाणीं तोलीत बसले, तें उगीच नव्हे.

१९४३ च्या त्या निबंधाचें पुढें काय झालें? युद्धाचे दिवस होते. हिंदी नियतकालिक परदेशीं कितीसें पोहोंचणार! पुढील पांच वर्षांच्या आंत फिनलंडमधील कारि कारहुनेन आणि फ्रान्समधील मिशेल लोएव्ह यांनीं आपापल्या परीनें हाच सिद्धांत मांडला, आणि पाठ्यपुस्तकांत तो त्या दोघांच्या नांवानें रूढ झाला. अलीकडे मात्र कांहीं लेखक त्यास कोसंबी-कारहुनेन-लोएव्ह असें म्हणूं लागले आहेत. उलटपक्षीं १९४४ सालीं कोसंबींनीं आनुवंशिकतेविषयीं केवळ चार पानांचा एक निबंध लिहिला. रंगसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर काढण्याचें त्यांतील सूत्र त्यांच्याच नांवानें जगभर चाललें, आणि अद्यापही चालतें. पिकांवर काम करणाऱ्या कित्येक संशोधकांस कोसंबी हें नांव या सूत्रामुळेंच ठाऊक असतें. त्यांनीं इतिहासही लिहिला हें ऐकून त्यांस नवल वाटतें.

१९४५ सालीं डॉ. होमी भाभा यांनीं त्यांस नव्यानें निघालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बोलाविलें. संस्था मुंबईस, पण कोसंबींचें बिऱ्हाड पुण्यासच राहिलें. दख्खनच्या राणीनें ते मुंबईस जात आणि तिनेंच संध्याकाळीं परत येत. प्रवासांत वाचन-लेखन चालूंच असे. १९४८-४९ मध्यें युनेस्कोची वृत्ति मिळवून ते इंग्लंड-अमेरिकेस गेले, तें गणकयंत्रांचीच माहिती करून घेण्यासाठीं. तीं यंत्रें त्या वेळीं अगदीं बाल्यावस्थेंत होतीं. त्याच दौऱ्यांत शिकागो विद्यापीठांत त्यांनीं भूमितीचीं व्याख्यानें दिलीं.

त्यांचें इतिहासकार्य सर्वश्रुत असल्यामुळें येथें थोडक्यांत आटोपतों. १९४८ सालीं त्यांनीं भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ति काढिली. कोणतें सुभाषित किती हस्तलिखितांत आढळतें, हें पडताळून मूळचीं कोणतीं व मागून घुसडलेलीं कोणतीं, याची निवड त्यांनीं केली; म्हणजे येथेंही तीच चाळणी. १९५६ सालीं भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना, १९६२ सालीं 'मिथ अँड रिअॅलिटी' व १९६५ सालीं प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील ग्रंथ, असे त्यांचे इंग्रजी ग्रंथ निघाले. पुण्याभोंवतालचीं खेडीं, म्हसोबाचे दगड, पालखीच्या वाटा आणि कार्ल्याचीं लेणीं हीं त्यांचीं पुस्तकेंच होतीं. त्यांच्या मार्क्सवादी मतांशीं पुष्कळांचा विरोध होता व आहे. परंतु पायांनीं चालून पाहिल्याविना लिहावयाचें नाहीं, ही त्यांची शिस्त विरोधकांसही मान्य करावी लागते.

त्यांच्या चरित्रांत एक दुःखद प्रकरणही आहे. १९५९ सालीं त्यांनीं रीमान यांच्या सुप्रसिद्ध गृहीतकाची सिद्धता सांपडल्याचा दावा केला, आणि तोही कृषिसांख्यिकीच्या एका नियतकालिकांत. हें गृहीतक आजतागाईत कोणासही सिद्ध करितां आलेलें नाहीं. कोसंबींच्या युक्तिवादांत दोष निघाले, गणितिवर्गांत त्यांची पत घटली, आणि त्यांच्या तिखट स्वभावामुळें बाजू घेणारेही थोडेच उरले. अणुशक्तीपेक्षां सूर्याच्या उष्णतेचा उपयोग हिंदुस्थानास अधिक श्रेयस्कर, हें त्यांचें जाहीर मतही वरिष्ठांस रुचणारें नव्हतें. १९६२ सालीं टाटा संस्थेनें त्यांची नेमणूक पुढें चालविली नाहीं. एका चुकीच्या सिद्धतेनें मागचें सर्व काम झांकोळलें जावें, हा न्याय आम्हांस तरी कठोर वाटतो.

दख्खनच्या राणीची खेप संपली, आणि कोसंबी आतां दिवसभर पुण्यांत राहूं लागले. १९६४ सालीं वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें त्यांस सन्माननीय शास्त्रज्ञ नेमिलें, व महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या पुण्याच्याच संस्थेंत त्यांनीं काम मांडलें. टेंकड्यांवरची भ्रमंती, हत्यारांचे तुकडे आणि तरुण अभ्यासकांशीं वादविवाद हें चालूंच होतें. २९ जून १९६६ रोजीं पहांटे, आपल्या पुण्याच्या घरीं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, हृदयविकारानें त्यांस झोंपेंतच मृत्यु आला. सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ २००८ सालीं टपालाचें तिकीट काढिलें.